जुनं बेंच ड्रिल घेतलंत? आधी ते कुठे हलतंय ते शोधा

मंडळी, १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस बोटी बांधलेल्या असतात आणि आपली खरी वर्कशॉपची कामं याच काळात निघतात. ट्रॉलच्या फळीची नवी पट्टी, झिंकचा पट्टा, विंचखालची प्लेट, गाळणीचा ब्रॅकेट, रोज कुठे ना कुठे भोक पाडायचं असतंच. प्रत्येक वेळी रिक्षात प्लेट घालून वर्कशॉप गाठायला नको म्हणून हल्ली दोन-तीन बोटमालक मिळून जुनं बेंच ड्रिल घेऊ लागलेत. आम्हाला हे पटतं. जुन्या ओतीव लोखंडाच्या मशीनचा सांगाडा बाजारातल्या नव्या हलक्या मशीनपेक्षा पुष्कळदा भक्कम असतो. झिजलेले असतात ते भाग बदलता येतात.

पण होतं काय, मशीन घरी येतं, चालू केल्यावर बिट डोलतो, आणि मालक सरळ दुकानात जाऊन नवा चक आणतो. बसवतो. बिट तसाच डोलतो. मग बेअरिंगं बदलतो. तरीही तेच. पैसे गेले, बंदीचे पंधरा दिवस गेले. म्हणून आज आम्ही दुरुस्तीइतकंच तपासणीबद्दल लिहितोय. दोष नेमका कुठे आहे हे अर्ध्या दिवसात कळतं, आणि बहुतेक वेळा खर्च वाटतो त्याहून कमी निघतो.

भोक जरा मोठं झालं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. १२ चा बोल्ट आणि भोक पावणेतेराचं, तेही लांबट. घरातल्या कपाटाला चालेल. फळीच्या पट्टीला नाही. पाण्यात फळी सतत थरथरते, ओढ एकदा इकडून एकदा तिकडून बसते. बोल्ट त्या मोकळ्या जागेत हलतो, हलला की घासतो, फटीत खारं पाणी बसतं आणि स्टेनलेससुद्धा फटीत गंजतो. नट कितीही आवळा, तो पुन्हा सैल होतो. फळी सुटली की तिच्यामागे जाळं आणि त्या फेरीचं डिझेल. आणि विंचची प्लेट सुटली तर तिथे माणूस उभा असतो.

आधी बिट, मग मशीन

भोक मोठं येतंय म्हणजे मशीनच वाईट असं समजू नका. हाताने ग्राइंडरवर धार लावलेल्या बिटच्या दोन कडा लहानमोठ्या झाल्या तर अगदी नव्या मशीनवरही भोक मोठंच पडतं. म्हणून चांगल्या कंपनीचा एक नवा १० मिमी बिट घ्या, तो फक्त तपासणीसाठी ठेवा. १० मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पट्टीत, पट्टी व्हाइसमध्ये घट्ट धरून, तीन भोकं पाडा आणि व्हर्नियरने आडवं-उभं मापा. १०.१ ते १०.२ च्या आसपास आणि गोल असेल तर आपल्या कामाला मशीन ठीक आहे, जुन्या बिटांना नीट धार लावून घ्या. त्याहून मोठं किंवा लांबट आलं तर पुढे वाचा.

आता दोन शब्द वेगळे करू, कारण सगळा घोळ यांच्यातच होतो. कारागीर म्हणतात ‘प्ले आलाय’ आणि ‘आउट फिरतोय’. प्ले म्हणजे हाताने ढकलल्यावर हलणं. आउट म्हणजे काही न ढकलताही फिरताना वाकडं फिरणं. प्ले बहुतेक वेळा बेअरिंगमध्ये किंवा क्विलमध्ये असतो. आउट असतो टेपरमध्ये, चकमध्ये किंवा वाकलेल्या स्पिंडलमध्ये. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

क्विल म्हणजे हँडल फिरवलं की खाली येते ती जाड नळी. तिच्या आत बेअरिंगांवर स्पिंडल फिरतो आणि स्पिंडलच्या टोकाला चक.

हाताने तपासणी

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागणार नाही, प्लग काढून बाहेर ठेवा. क्विल अर्धी खाली आणून लॉक करा. लॉक नसेल तर एकाने हँडल धरावं. आता चक हातात धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्याने टॉर्च मारून दोन जागी बघावं: क्विल आणि वरच्या ओतीव डोक्याच्या मधली फट, आणि स्पिंडल आणि क्विलच्या मधली जागा. क्विल डोक्यात हलत असेल तर क्विल किंवा तिचं घर झिजलंय. क्विल स्थिर आणि आतला स्पिंडल हलतोय तर बेअरिंग. दोन्ही स्थिर आणि फक्त चक हलतोय तर टेपर नीट बसलेलं नाही. या एका तपासणीने अर्धे आरोपी सुटतात.

मग चक वर-खाली ओढून बघा. वर-खाली ‘टक’ असा आवाज आला तर आत बेअरिंग बसवणारा नट किंवा सर्कलिप सैल झालेला असतो. पुष्कळदा बेअरिंग चांगलंच असतं, नुसता नट आवळायचा असतो.

डायल गेजने तपासणी

शतांश मिमी दाखवणारा डायल गेज आणि चुंबकाचा स्टँड हवा. १० मिमीची सिल्व्हर स्टीलची सरळ सळई चकमध्ये धरा, स्टँड टेबलावर लावा, गेजचं टोक सळईला टेकवा आणि पुली हाताने फिरवा. मोटर लावायची नाही. एकदा चकच्या अगदी खाली मापा, एकदा त्याखाली ७५ मिमीवर. दोन्हीकडे फरक साधारण सारखा असेल तर चक एका बाजूला सरकून बसलाय. खाली जाताना फरक वाढत असेल तर चक तिरका बसलाय, किंवा त्याचे जबडे तोंडाशी फाकलेत, किंवा स्पिंडल वाकलाय.

यातलं कोणतं? इथे आमची आवडती युक्ती. सळई सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा धरा. मोठं माप सळईबरोबर फिरलं तर सळईच वाकडी. नाही फिरलं तर मार्करने चकवर आणि स्पिंडलवर समोरासमोर खूण करा, चक काढा, टेपर पुसा आणि चक अर्धा फेरा फिरवून बसवा. पुन्हा मापा. सर्वांत मोठं माप चकबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष चकचा. स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिलं तर दोष स्पिंडलचा. या अर्ध्या तासाच्या कामाने नव्या चकचे पैसे वाचतात किंवा ते खर्च करायला हरकत नाही हे तरी कळतं.

किती चालेल? आमच्या मते आपल्या कामाला चकखाली ०.१५ मिमीपर्यंत आउट असेल तर डोकं लावू नका. पाव मिमीच्या पुढे गेलं तर दुरुस्ती हवी. स्पिंडलचा स्वतःचा टेपर मात्र ०.०३ च्या आत असायला हवा. गेज नसेल तर टेबलावर उभा केलेला खिळा सळईच्या जवळ आणून फिलर गेजने फट मापा. तेवढं अचूक नाही, पण पाव मिमीचा दोष त्यातही दिसतो.

टेपर आणि चक

आउट फिरण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे टेपरमधली घाण. टेपर म्हणजे नट-बोल्ट नसलेली निमुळती पकड. तिथे गंजाचा एक कण किंवा पत्र्याची बारीक कड उभी राहिली तरी चक तिरका बसतो. २० मिमीच्या मशीनमध्ये सहसा स्पिंडलच्या आत मोर्स टेपर असतो आणि बाजूला एक लांबट खाच. त्या खाचेत चपटी पाचर, म्हणजे ड्रिफ्ट, घालून हलका ठोका दिला की चक खाली येतो. टेबलावर लाकडाची फळी ठेवा, नाहीतर चक लोखंडावर आपटून जबडे जातील. १३ मिमीच्या मशीनमध्ये चक बाहेरच्या टेपरवर असतो. तिथे चक आणि स्पिंडलच्या मध्ये दोन्ही बाजूंनी समोरासमोर दोन पाचरी घालायच्या. चकवर बाजूने हातोडा मारणारे आम्ही पाहिलेत. स्पिंडल तसाच वाकतो.

टेपर डिझेलने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. बोटाने चाचपा. उंचवटा लागला तर ऑइल स्टोनने तेवढीच जागा घासा, एमरी पेपर गुंडाळून सगळा टेपर घासू नका, त्याचा आकार बिघडतो. मग मार्करने टेपरवर चार उभ्या रेघा ओढा, चक हाताने बसवून थोडा फिरवा आणि काढा. रेघा सगळ्या लांबीवर पुसल्या गेल्या तर बैठक चांगली. फक्त एका टोकाला पुसल्या तर टेपर झिजलाय. आतला मोर्स टेपर रीमरने हाताने साफ करता येतो, पण हे काम लेथवाल्याकडून करून घ्या. बसवताना टेपर कोरडा ठेवायचा. तेल लावलं की भाराखाली चक घसरतो आणि नवे ओरखडे पडतात.

चक स्वतः जड फिरत असेल तर फेकू नका. आत वर्षानुवर्षांचा कीस आणि वाळलेलं ग्रीस असतं. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, उघडझाप करा. पूर्ण खोललात तर तीन जबडे आपापल्याच जागी बसवा, तिन्हींचे आटे वेगळ्या उंचीवर असतात. जागा चुकली की जबडे एकत्र मिटत नाहीत. चावी घसरत असेल तर आधी चावीचे दात बघा, बहुतेक वेळा चावी झिजलेली असते, चक नाही.

बेअरिंग

प्ले बेअरिंगमध्ये आहे हे ठरलं की मगच मशीन खोला. बेल्ट काढा, चक काढा. मग हँडलच्या दुसऱ्या टोकाला डबीत असलेली घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग. इथे जपा. ती ताणलेली असते आणि डबी सुटली की हातातून गरगर फिरते, बोट फाटतं. हातमोजा घालून, पक्कडीने डबी धरून, एकेक खाच सोडत ताण उतरवा. त्यानंतर हँडलचा दांडा बाहेर ओढला की क्विल खाली निसटते, तिला हात द्या. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत चला.

बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, दुकानदाराला मशीनचं नाव सांगत बसू नका, नंबर सांगा. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी, ६२०३ म्हणजे १७, आणि ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, म्हणजे २०. नंबरनंतरची अक्षरंही महत्त्वाची. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं, ‘टू-आरएस’ म्हणजे रबराची. आपल्या खाऱ्या हवेत रबरवालं घ्या. ‘सी-३’ लिहिलेलं मोटरला चालतं, स्पिंडलला नको. त्यात मुद्दाम जास्त मोकळीक ठेवलेली असते, म्हणजे पैसे देऊन प्ले विकत घेतल्यासारखं होईल. नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्या.

वरच्या पुलीचीही बेअरिंगं असतात. ती खराब झाली की मशीन ओरडतं, पण भोक त्यांच्यामुळे लांबट होत नाही. पैसे कमी असतील तर आधी क्विलमधली बदला. तसंच स्पिंडलच्या वरच्या खाचांची खडखड. ऐकायला भयंकर, कामाला निरुपद्रवी. ग्रीस लावा आणि सोडून द्या.

बसवताना ठोका आतल्या रिंगवर की बाहेरच्या, हे विसरू नका. दांड्यावर चढवताना आतल्या रिंगवर, घरात बसवताना बाहेरच्या रिंगवर, बरोबर मापाच्या पाइपचा तुकडा लावून. उलटं केलं तर ठोका गोळ्यांवर बसतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आतून ठेचलं जातं. बर्फाची आपल्याला कमतरता नाही: स्पिंडल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तासभर बर्फात ठेवा, तो केसाहून कमी आकसतो, पण तेवढ्याने बेअरिंग सहज चढतं. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, ते लगेच पुसा.

नवं बेअरिंग घरात सैल जात असेल तर काही फिटर सेंटर पंचने आत ठोसे मारतात. महिनाभर चालतं, मग ठोसे झिजतात, आणि बेअरिंग मधोमध राहत नाही ते वेगळंच. त्यापेक्षा बेअरिंग पकडून ठेवणारा रिटेनरचा द्रव मिळतो तो लावा. फट हाताला जाणवण्याइतकी असेल तर लेथवर स्लीव्ह घालून घ्यावी लागेल.

शेवटी वरचा नट. प्ले जाईपर्यंत आवळा, मग स्पिंडल हाताने मोकळा फिरेल इतका सैल करा. दहा मिनिटं चालवून क्विलला हात लावा. कोमट हवी. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय.

क्विल झिजली असेल तर

हा एकच दोष खरा महाग. काही मशीनच्या डोक्याला पुढे चीर आणि आवळायचा बोल्ट असतो. तिथे काम सोपं, बोल्ट थोडा आवळा. नसेल तर डोक्यात पुढून आटे पाडून एक स्क्रू बसवायचा, त्याच्या टोकाला पितळेचा तुकडा, तो क्विलला हलकेच दाबून ठेवतो. फटीत पत्र्याची पट्टी सरकवायची नाही, ती क्विलबरोबर सरकते आणि घर खरवडते. फट ०.२ मिमीच्या पुढे असेल तर डोकं बोअर करून बुश घालणं हाच उपाय. हे काम अचूक मशीनवरच होतं, बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणी करून मिळतं, पण खर्च काढून मगच ठरवा. अजून मशीन विकत घेतलेलं नसेल आणि ही फट दिसली, तर आमचा सल्ला: घेऊच नका.

हँडलची स्प्रिंग आतल्या हूकपाशी तुटली असेल तर नवी शोधत फिरू नका. शेवटचे दोन सेंटिमीटर लाल करून हूक वाळवा आणि सावकाश थंड होऊ द्या. बाकी स्प्रिंगला ओलं फडकं गुंडाळलेलं असू द्या, नाहीतर तिचा ताण जाईल.

बेल्ट, टेबल, वीज

जुना व्ही-बेल्ट एकाच आकारात कडक झाला की मशीन हादरतं आणि लोक बेअरिंगला दोष देतात. बेल्ट पुलीच्या खाचेच्या बाजूंवर बसायला हवा. तळाशी टेकून तळ चकचकीत झाला असेल तर बेल्ट किंवा पुली झिजलीय. वेगही बघा. ढोबळ हिशोब: कापण्याचा वेग गुणिले ३१८, भागिले बिटचा व्यास. साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटर धरा, म्हणजे १० च्या बिटला सुमारे ८०० फेरे. ३१६ स्टेनलेसला १२ मीटर, म्हणजे ३८० च्या आसपास. स्टेनलेस जास्त वेगाने नुसतं घासलं की कडक होतं, मग कुठलाही बिट आत जात नाही. कमी वेग, सतत दाब आणि तेल. मशीनचा सर्वांत कमी वेग ५०० असेल तर स्टेनलेसला ७-८ मिमीच्या पुढे जाऊ नका.

टेबल काटकोनात आहे का हे बघायला चकमध्ये काटकोनात वाकवलेली तार धरा, तिचं टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि हाताने गोल फिरवा. २०० मिमीच्या घेरात अर्धा मिमी फरक असला तरी २० मिमी प्लेटमध्ये भोक फक्त ०.०५ सरकतं, म्हणजे चालेल. टेबलाला पडलेल्या भोकांनी घाबरू नका, वर जाड प्लायवूड टाका.

मोटर दमट जेटीवरच्या शेडमध्ये चालणार आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर सुकवल्याशिवाय लावायची नाही. अर्थिंग खरं हवं, तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. ओले पाय आणि लोखंडी मशीन, अधिक काय सांगायचं.

चालवताना हातमोजे काढा. जाळं ओढायची सवय असते, मोजे हातातच राहतात, आणि बिट मोज्याचा एक धागा पकडतो तेव्हा सोडवायला वेळ मिळत नाही. प्लेट हाताने धरायची नाही, पातळ पत्रा तर अजिबात नाही. भोक पार होताना बिट पत्रा उचलतो आणि तो पात्यासारखा फिरतो.

एक गोष्ट मात्र या मशीनवर करू नका: प्रॉपेलर शाफ्टच्या कपलिंगची भोकं. मशीन कितीही छान जमलं तरी ते काम लेथवाल्याचं.

काम झालं की खांब, क्विल आणि टेबलावर तेलाचं फडकं फिरवा, आठवड्यातून एकदा तरी. खाऱ्या हवेत उघडं लोखंड चार दिवसांत लाल होतं. डायल गेज, सिल्व्हर स्टीलची सळई आणि ड्रिफ्ट सोसायटीच्या शेडमध्ये ठेवलेत. सभासदांनी वहीत सही करून न्यावेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणावेत, बंदी संपायच्या आधी रांग लागते. क्विल काढायला दुसरा माणूस लागत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, संध्याकाळी कुणीतरी येऊन जाईल.